उसन्या नावाचा बादशहा

जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात एका स्थूल, गप्पिष्ट वृद्धाचे निधन झाले. साऱ्या अमेरिकेला ठाऊक असलेला हा माणूस. परंतु त्याच्या मृत्यूची बातमी देताना त्याचे वय नेमके किती लिहावे, असा पेच तेथील वृत्तपत्रांना पडला. जन्मसालावरून हिशेब केला तर ८२ वर्षे. त्याच्या स्वतःच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर ९५. नावाचाही घोळ होताच. ज्या 'मिनेसोटा फॅट्स' या नावाने तो ओळखला गेला, ते नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवले नव्हते, मित्रांनी दिले नव्हते आणि मिनेसोटा या राज्याशीही त्याचे काही नाते नव्हते. ते होते एका कादंबरीतील पात्राचे नाव. पूलच्या टेबलाभोवती पैसे लावून खेळणाऱ्यांच्या जगात हयात घालवलेल्या रूडॉल्फ वॉन्डरोनने खेळलेला सर्वांत मोठा डाव म्हणजे हे उसने घेतलेले नाव होय. त्या डावात त्याच्या हाती बरेच काही लागले, आणि काही कायमचे गेलेही.

पैजेतून जन्मलेला खेळ

कॅरमच्या फळीवर सोंगट्या घेण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना पूल समजणे अवघड नाही. हिरव्या कापडाने मढवलेले टेबल, त्याला सहा पॉकेट, क्रमांक टाकलेले १५ रंगीत चेंडू आणि स्ट्रायकरच्या जागी एक पांढरा चेंडू. लांब क्यूने पांढऱ्या चेंडूवर आघात करायचा आणि त्याच्या धक्क्याने इतर चेंडू पॉकेटमध्ये घालायचे. नियम बदलले की त्याच टेबलावर निराळा खेळ सुरू होतो. 'स्ट्रेट पूल' हा विजेतेपदाच्या स्पर्धांचा प्रतिष्ठित प्रकार, 'नाइन बॉल' हा झटपट निकालाचा, तर 'वन पॉकेट' हा संयमाची परीक्षा पाहणारा.

खेळाच्या नावातच पैसा आहे. इंग्रजीत 'पूल' म्हणजे सर्वांनी मिळून जमा केलेली पैजेची रक्कम. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर जेथे पैजा घेतल्या जात, त्या जागांना 'पूलरूम' म्हणत. दोन शर्यतींच्या मधला वेळ गिऱ्हाइकांनी बाहेर घालवू नये म्हणून तेथे बिलियर्डची टेबले मांडली गेली. पुढे शर्यतींच्या पैजा दुसरीकडे गेल्या, टेबले राहिली आणि जागेचे नाव खेळाला चिकटले. त्या नावासोबत जागेची बदनामीही आली. पूलरूममध्ये जाणारा मुलगा वाया गेला, असे समजणारी आईबापांची पिढी अमेरिकेतही होतीच.

पूलरूममधील जुगार हा पत्त्यांच्या किंवा फाशांच्या जुगाराहून वेगळा. येथे नशिबाला फारसा वाव नाही. कौशल्यच निकाल लावते. अडचण एवढीच, की कौशल्य उघड झाले तर पैज लावायला समोर कोणी उभा राहत नाही. या अडचणीतून 'हसलिंग' जन्माला आले. हसलर अनोळखी गावात जातो, भिंतीवरचा कोणताही क्यू उचलतो, चार-दोन सोपे चेंडू चुकवतो आणि किरकोळ रक्कम हरतो. समोरच्याची हाव चाळवली की पैज दुप्पट करण्याची गोष्ट निघते. मग तो जिंकू लागतो, पण अगदी निसटते. जिंकला तो केवळ नशिबाने, असे समोरच्याला शेवटपर्यंत वाटत राहिले पाहिजे. खिसा रिकामा झालेल्या माणसाला आपण फसवले गेलो याचा पत्ता लागण्यापूर्वी हसलरने गावाची वेस ओलांडलेली असते.

या व्यवसायाची काही पथ्ये होती. हसलर सहसा एकटा खेळत नसे. त्याच्यामागे पैसे लावणारा भांडवलदार असे आणि जिंकलेल्या रकमेत त्याचा वाटा ठरलेला असे. दोघेही तोलामोलाचे खेळाडू असले तर लपवाछपवीला अर्थ नसे. तेव्हा खरी लढाई होई ती खेळापूर्वीच्या घासाघिशीत. कोणता प्रकार खेळायचा, कोणी कोणाला किती चेंडूंची सूट द्यायची, पैज किती, या वाटाघाटींत जो सरस, तो क्यू हाती घेण्याआधीच निम्मा सामना जिंकलेला असे. वॉन्डरोनचे खरे कौशल्य येथे होते.

न्यूयॉर्क ते डॉवेल

रूडॉल्फ वॉल्टर वॉन्डरोनचा जन्म १९ जानेवारी १९१३ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. आईवडील स्वित्झर्लंडहून अमेरिकेत स्थायिक झालेले, कष्टकरी. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाकडील वॉशिंग्टन हाइट्स या वस्तीत तो वाढला. शाळेत त्याचे मन रमले नाही आणि त्याचे शिक्षण लवकरच सुटले. लहानपणी वडिलांबरोबर युरोपात गेलो असताना एरिख हागेनलोखर या जर्मन बिलियर्डपटूकडून धडे घेतले, असे तो पुढे सांगे. त्याच्या बालपणाच्या अनेक कथा त्यानेच सांगितलेल्या आहेत आणि प्रत्येक वेळी त्यांत थोडी भर पडत गेली आहे. मात्र कोवळ्या वयातच तो ब्रॉडवेच्या परिसरातील पूल हॉलमध्ये दिसू लागला आणि तेथेच त्याच्या स्थूल देहावरून त्याला 'फॅट्स' हे टोपणनाव मिळाले, याविषयी दुमत नाही.

१९२० च्या दशकात न्यूयॉर्कचे पूल हॉल भरभराटीत होते. रॅल्फ ग्रीनलीफसारख्या विजेत्याला नाट्यगृहांच्या रंगमंचावर खेळ करून दाखवण्यासाठी बोलावले जाई. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली, तरी हॉल ओस पडले नाहीत. बेकार माणसांना दिवस काढायला ती स्वस्त जागा होती. मात्र त्यांच्या खिशात पैसा उरला नव्हता. ज्यांना पैजेवर पोट भरायचे होते, त्यांना पैसा असेल त्या गावी जाणे भाग पडले. वॉन्डरोनही असाच रस्त्याला लागला. न्यूयॉर्क फॅट्स, ब्रॉडवे फॅट्स, शिकागो फॅट्स अशी त्याची नावे गावागणिक बदलत गेली.

भटकंतीत तो दक्षिण इलिनॉयमध्ये पोहोचला. कोळशाच्या खाणींचा हा मुलूख स्थानिक बोलीत 'लिटल इजिप्त' म्हणून ओळखला जातो आणि त्या काळी तेथे जुगाराला चांगलाच ऊत आला होता. १९४१ मध्ये डु क्वॉइन या गावी त्याची इव्हलिन ग्राफशी भेट झाली आणि अवघ्या दोन महिन्यांत दोघांनी विवाह केला. जवळच्या डॉवेल या खेड्यात त्यांनी घर केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोघे व्हर्जिनियातील नॉरफोक बंदरात जाऊन राहिले. जहाजबांधणीचे कामगार आणि नौदलाचे जवान यांनी गजबजलेल्या त्या शहरात हातात पैसा आणि उद्याची शाश्वती नाही, अशी माणसे हजारोंनी होती. देशभरचे जुगारी पूलपटू तेथे जमले. वॉन्डरोनच्या कमाईचा तो सुवर्णकाळ ठरला.

युद्ध संपले आणि चित्र पालटले. सैनिक घरी परतले, त्यांनी संसार थाटले, शहराबाहेरच्या उपनगरांत घरे घेतली, दिवाणखान्यात टेलिव्हिजन आला. पूल हॉल एकामागून एक बंद होऊ लागले. वॉन्डरोन डॉवेलला परतला. भटकी कुत्री आणि मांजरे यांना घरी आणून पोसणे, हा त्याचा आणि इव्हलिनचा छंद. ज्या माणसाने परक्या गावांतील माणसांची दया कधी केली नाही, तो रस्त्यावरच्या मुक्या जनावराला टाकून पुढे जाऊ शकत नसे. पन्नाशीकडे झुकलेला, जवळजवळ निवृत्त झालेला, मोजक्या जुगाऱ्यांखेरीज कोणालाही ठाऊक नसलेला असा हा माणूस तेथेच विस्मृतीत गेला असता.

पडद्यावरचा फॅट्स

वॉल्टर टेव्हिस या लेखकाची 'द हसलर' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, रॉबर्ट रॉसन या दिग्दर्शकाने तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. पॉल न्यूमनने रंगवलेला उतावळा तरुण हसलर 'फास्ट एडी' आणि जॅकी ग्लीसनने साकारलेला अजिंक्य खेळाडू 'मिनेसोटा फॅट्स' यांची झुंज प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. चित्रपटाला ऑस्करची नऊ नामांकने मिळाली, त्यांपैकी दोन पुरस्कार पदरात पडले. हसलिंगची काळी बाजूही त्याने झाकली नाही. आपले कौशल्य ऐन वेळी उघड करून बसलेल्या एडीचे अंगठे मोडले जातात, तो प्रसंग पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो. तरीही प्रेक्षक बाहेर पडले ते क्यू हाती घेण्याची इच्छा घेऊनच. मरणासन्न खेळाला नवे जीवन मिळाले आणि गावोगावी नवे पूल हॉल उघडू लागले.

नेमक्या याच वेळी डॉवेलच्या वॉन्डरोनने जाहीर केले, की पडद्यावरचा तो फॅट्स म्हणजे आपणच. टेव्हिसने हा दावा फेटाळला. हे पात्र आपल्या कल्पनेतून उतरले आहे, असे तो १९८४ मध्ये निधन होईपर्यंत सांगत राहिला. दोघा फॅट्समधील अंतर तर उघड्या डोळ्यांना दिसणारे होते. ग्लीसनचा फॅट्स मितभाषी, रुबाबदार, कोटाला फूल लावून एखाद्या सरदारासारखा टेबलाभोवती फिरणारा. वॉन्डरोन अखंड बडबड करणारा, प्रतिस्पर्ध्याला शब्दांनी बेजार करणारा. साम्य होते ते जाडीचे आणि पैजेचे. पण लोकांना चित्रपटगृहाबाहेर भेटू शकेल असा, हाडामांसाचा फॅट्स हवा होता. तो त्यांना मिळाला. मग लेखकाचे कोण ऐकतो?

योगायोग असा, की त्याच वर्षी डॉवेलपासून जवळच असलेल्या जॉन्स्टन सिटी या लहानशा गावात जान्स्को बंधूंनी पूलपटूंची स्पर्धा भरवली. देशभरचे हसलर आपापली टोपणनावे घेऊन तेथे उतरले. दिवसा स्पर्धेचे सामने आणि रात्री बक्षिसांहून कितीतरी मोठ्या रकमांच्या पैजा, असा तेथला शिरस्ता पडला. काही वर्षांतच राष्ट्रीय नियतकालिकांचे बातमीदार आणि टेलिव्हिजनचे कॅमेरे तेथे पोहोचले. टेबलावर लूथर लॅसिटरसारखे खेळाडू विजेतेपदे मिळवत होते. बातमीदारांचा घोळका मात्र वॉन्डरोनच्या खुर्चीभोवती जमे. त्याने कोणतेही मोठे विजेतेपद कधी मिळवले नाही, परंतु मथळा कसा मिळवायचा हे त्याला पक्के ठाऊक होते. पुढे १९७२ मध्ये सरकारी यंत्रणांनी जुगाराच्या कारणावरून छापा घातला आणि जॉन्स्टन सिटीचा तो वार्षिक मेळा कायमचा संपला. वॉन्डरोन तोवर त्या मेळ्याहून मोठा झाला होता.

पूलचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीने त्याला मोठ्या पदावर घेतले. टॉम फॉक्स या पत्रकाराच्या साह्याने त्याचे आत्मकथन १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आले. टेलिव्हिजनवर त्याच्या नावाचा कार्यक्रम झाला, नामवंत पाहुण्यांशी तो पडद्यावर खेळू लागला. देशभर फिरून तो प्रदर्शनीय सामने करी, प्रेक्षकांना हसवी आणि मानधन घेई.

येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. हसलरचे सारे भांडवल म्हणजे त्याचा अनोळखी चेहरा. कोणी ओळखले की धंदा बुडाला. वॉन्डरोनने ते भांडवल एका झटक्यात विकून टाकले. १९६१ नंतर अमेरिकेतील कोणत्याही गावात त्याला नकळत कोणी पैज लावणार नव्हते. त्याने एका अर्थाने हसलिंग सोडले. दुसऱ्या अर्थाने ते अधिक मोठ्या टेबलावर मांडले. हसलर स्वतःला आहे त्याहून कमी दाखवतो. वॉन्डरोनने स्वतःला आहे त्याहून मोठे दाखवले. पैसे लावलेला एकही महत्त्वाचा सामना आपण आयुष्यात हरलो नाही, हे त्याचे ठरलेले पालुपद होते. कोणी एखाद्या प्रदर्शनीय सामन्यात त्याला हरवलेच, तर जेथे पैसा नाही तो खेळ कसला, असे सांगून तो मोकळा होई. त्याला जवळून पाहिलेल्या खेळाडूंच्या मते तो वन पॉकेटमध्ये आणि कुशनवर आपटून चेंडू घेण्यात तरबेज होता. परंतु सर्वश्रेष्ठांच्या पंक्तीत त्याला बसवायला त्यांतले फार थोडे तयार झाले असते.

मॉस्कोनीचा संताप

या साऱ्याचा सर्वाधिक राग होता विली मॉस्कोनीला. दोघे एकाच वर्षी, १९१३ मध्ये, जन्मलेले. मॉस्कोनी फिलाडेल्फियाचा. वडिलांचे पूल हॉल असूनही त्यांनी मुलाला खेळायला मनाई केली, तेव्हा त्याने बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन सराव केला, अशी कथा सांगितली जाते. १९४१ ते १९५७ या काळात त्याने तब्बल १५ वेळा विश्वविजेतेपद पटकावले. मार्च १९५४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथील एका प्रदर्शनीय सामन्यात त्याने एकही चूक न करता सलग ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले. हा विक्रम मोडायला २०१९ साल उजाडावे लागले. तो नीटनेटका सूट घालून खेळे, मुद्द्याचे तेवढेच बोले आणि पूलला सभ्य घरांत मान मिळावा, म्हणून आयुष्यभर धडपडला. ज्या चित्रपटाने वॉन्डरोनला नाव दिले, त्याच 'द हसलर'चा तांत्रिक सल्लागार मॉस्कोनीच होता, हा नियतीचा खेळच म्हणायचा.

आपण मॉस्कोनीला वेळोवेळी हरवले आहे, असे वॉन्डरोन सांगत सुटला, तेव्हा मॉस्कोनीचा संयम सुटला. अखेर १४ फेब्रुवारी १९७८ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात दोघे समोरासमोर आले. एबीसी वाहिनीचे कॅमेरे लागले होते आणि समालोचक होता मुष्टियुद्धाच्या लढतींमुळे घरोघरी पोहोचलेला हॉवर्ड कोसेल. दोघांचीही साठी उलटून गेलेली. मॉस्कोनी कित्येक वर्षे स्पर्धांपासून दूर होता. खेळ सुरू झाला आणि निकालाविषयी फारशी शंका उरली नाही. मॉस्कोनीने बाजी मारली. पण हरणारा माणूस सतत बोलत होता, विनोद करत होता, आणि प्रेक्षक त्याच्याकडे पाहून हसत होते. मॉस्कोनी कपाळाला आठ्या घालून आपला पुढचा चेंडू पाहत होता. गुणफलक मॉस्कोनीच्या बाजूने होता, पण घरी बसलेल्या लाखो प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो फॅट्स.

या सामन्यात पूलच्या खेळापुढचा जुना प्रश्न उघडा पडला. या खेळाला मान हवा होता तो मॉस्कोनीसारख्यांच्या निष्ठेमुळे. पण गर्दी जमत होती ती फॅट्ससारख्यांच्या बदनाम मोहिनीमुळे. मॉस्कोनीला वाटे, हसलरच्या कथांनी खेळाच्या नावाला काळिमा लावला. ते खोटे नव्हते. पण १९५० च्या दशकात खेळ मरू घातला होता, तेव्हा विश्वविजेता मॉस्कोनीच होता आणि त्याचे निर्दोष कौशल्य हॉलची दारे उघडी ठेवू शकले नव्हते, हेही तितकेच खरे. १९८४ मध्ये अमेरिकेतील बिलियर्ड संघटनेने वॉन्डरोनला आपल्या मानाच्या यादीत स्थान दिले, ते विजेता म्हणून नव्हे, तर खेळाच्या सेवेबद्दल. त्याच्या कर्तृत्वाचे याहून नेमके मोजमाप दुसरे नसेल.

अखेरचा मुक्काम

प्रसिद्धीने संसार मात्र टिकवला नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर, चार दशकांहून अधिक काळाच्या सहवासानंतर, इव्हलिनशी त्याची फारकत झाली. तो नॅशव्हिलला गेला आणि हर्मिटेज या जुन्या, प्रतिष्ठित हॉटेलात राहू लागला. हॉटेलने त्याच्यासाठी पूल टेबल मांडले. आलेगेले पर्यटक ते पाहायला थांबत आणि तो त्यांना आपल्या अजिंक्यपदाच्या कथा ऐकवी. दिवसा शहरातील कबुतरांना दाणे टाकण्याचा त्याचा नेम होता. स्वाक्षरी मागणाऱ्यांसाठी खिशात रबरी शिक्का असे. 'मिनेसोटा फॅट्स' या नावाचा ठसा कागदावर उमटवून तो पुढे जाई. रूडॉल्फ वॉन्डरोन अशी सही कोणी मागत नसे. आयुष्याच्या अखेरीस त्याने पुन्हा विवाह केला आणि काही वर्षांतच, आपल्या ८३ व्या वाढदिवसाच्या तोंडावर, तो गेला. मॉस्कोनी त्याआधी, सप्टेंबर १९९३ मध्ये, निवर्तला होता.

गावोगावच्या पूल हॉलमध्ये त्याच्या हातून ज्यांनी आठवड्याचा पगार गमावला, त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. हसलिंगच्या रम्य कथा सांगताना हा हिशेब नेहमीच राहून जातो. वॉन्डरोनने स्वतः चुकती केलेली किंमत मात्र दिसते. पस्तीस वर्षे तो दुसऱ्याने कल्पिलेल्या माणसाचे आयुष्य जगला आणि आपल्या खऱ्या आयुष्यातील कोणती गोष्ट घडलेली व कोणती रचलेली, हे सांगू शकणारा एकमेव साक्षीदार तोच असताना त्याने ते कधी सांगितले नाही. त्याच्या थडग्यावरील शिळेवर पृथ्वीतलावरील प्रत्येक जिवाला हरवल्याचा दावा कोरलेला आहे आणि स्वर्गाच्या दाराशी उभ्या असलेल्या सेंट पीटरला टेबलावर चेंडू रचून ठेवण्याचे आव्हान आहे. पैज किती, एवढेच त्यात लिहायचे राहिले आहे.